तिसरी नळी

१

विधी मुथाने पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "हे पाणी पिऊन माझे सासरे तीन दिवस आयसीयूत आहेत. घरातले सगळे म्हणतात, त्यात विष मी कालवलं."

कामिनी भंगाळे खुर्चीतून उठली. तशीही ती खुर्चीत टिकत नसे. जळगावच्या एका पाइप कारखान्यात तिने बावीस वर्षं नळ्या तपासल्या होत्या, म्हणजे दिवसभर यंत्राच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालायचं काम. नोकरी सोडून पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा काढली, तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. चहासुद्धा ती येरझारा घालत प्यायची.

"आणि पोलिस काय म्हणतात?"

"ते काही म्हणत नाहीत. आज संध्याकाळी पाच वाजता माझा जबाब घेणार आहेत. त्यानंतर काय होईल ते मला कळतं, ताई. मी लहान नाही."

पोरगी सव्वीस-सत्तावीसची असेल. डोळे सुजलेले, पण आवाज ताळ्यावर. कामिनीने घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते.

"सुरुवातीपासून सांग. आणि बस बाई, एकीने तरी बसायला हवं."

विधी बसली. तिचे सासरे रतिलाल मुथा, दाळमिलवाले, वय वर्षं चौऱ्याहत्तर. बलसाण्याच्या मंदिरात दर्शनाला जायचं त्यांच्या फार मनात होतं. पण अर्ध्या-अर्ध्या तासाला लघवीला उतरावं लागतं आणि बाहेरचं खाणं तर घरात कुणालाच चालत नाही. म्हणून विधीचा नवरा रोनक याने ती नवीन निघालेली कॅराव्हॅन भाड्याने आणली. गाडीतच ओटा, पलंग, संडास, पाण्याची टाकी. घरच चाकांवर. गुरुवारी दुपारी चौघं सोनगीरला तोताराम आबांच्या मळ्यावर मुक्कामाला थांबले. आबांनी हायवेच्या कडेला अशा गाड्यांसाठी जागा केली आहे, वीज आणि विहिरीचं पाणी देतात. टाकी भरली, दिवस मावळायच्या आत स्वयंपाक झाला, जेवणं झाली. तासाभरात सासऱ्यांना घाम, उलट्या, तोंडाला फेस. मग सासूबाई, मग रोनक.

"आणि तू?"

"मी पाणी प्यालेच नाही. चौदस होती, माझा चौविहार उपवास होता. पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही."

"मग ही बाटली कधी भरलीस?"

"अँब्युलन्स यायच्या आधी. सगळ्यांना पाण्यानंतरच झालं, हे माझ्या लक्षात आलं होतं."

कामिनी थांबली. घरात तिघं तडफडतायत आणि सून शांतपणे बाटली भरते. एक तर पोरगी हुशार, नाहीतर फारच हुशार. तिने बूच उघडून वास घेतला. रॉकेलसारखा पुसट, पण ओळखीचा. केळीच्या बागेत लहानपण गेलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

"तुझे वडील काय करतात?"

विधीने पहिल्यांदाच मान खाली घातली.

"अमळनेरला दुकान आहे. बी-बियाणं, खतं," ती म्हणाली. "आणि फवारणीची औषधं."

२

धुळ्याच्या बसमध्ये कामिनीने तीन वेळा जागा बदलली. कुणी आजवर तिला गुन्हा शोधायला बोलावलं नव्हतं. ती नळी आणि पाणी ओळखायची, माणसं नाही. पण बाटली तिच्या पिशवीत होती आणि ती काही केल्या स्वस्थ बसू देईना. ही पोरगी खोटं बोलत असेल, तर आपण एका खुनी बाईच्या शेजारी बसून शेंगदाणे खातोय. खरं बोलत असेल, तर हातात जेमतेम सहा तास आहेत. दोन्हीतलं काय वाईट, हे तिला ठरवता येईना.

फौजदार वाडिले हॉस्पिटलच्या दारातच भेटले. दूषित पाण्याच्या एका जुन्या प्रकरणात कामिनीच्या अहवालाने त्यांचं काम सोपं केलं होतं, म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

"साधं गणित आहे, कामिनीताई," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात कीटकनाशक. गाडीच्या टाकीत ते सापडलं. विहिरीचं पाणी तपासलं, स्वच्छ. मळ्यावरचे लोक तेच पाणी पितात, सगळे ठणठणीत. मग विहीर आणि टाकी यांच्यात राहिलं काय? नळी. ती गाडीवाल्या कंपनीची, पांढरी, खास पिण्याच्या पाण्याची. म्हणजे विष आलं नाही, टाकीत ओतलं गेलं. दुपारपासून गाडीतून हलली नाही कोण? सून. पाणी कोण प्यालं नाही? सून. औषधाचं दुकान कुणाच्या बापाचं?"

"पांढरी नळी लावली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मळ्यावरच्या गड्याने, उखर्डूने. त्यानेच टाकी भरली. आणि रोनकशेटनेही तेच सांगितलं."

रोनक कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. तिशीचा, दाढी वाढलेली, हाताला सलाइनची पट्टी तशीच. विधी समोरून आली, तसं त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. हे कामिनीला अजिबात आवडलं नाही, पण तिने ते गिळलं.

"टाकी भरताना तुम्ही समोर होतात?"

"नाही. कंपनीवाल्याने दोन नळ्या दिल्या होत्या. पांढरी पिण्याच्या पाण्याची, तपकिरी संडासाची टाकी धुवायची. मी सगळ्यांना दाखवल्या, उखर्डूला बजावलं, पांढरीच लावायची. मग पप्पांना पाय मोकळे करायला किल्ल्याच्या बाजूला घेऊन गेलो. आलो तर टाकी भरलेली होती."

"दोन्ही नळ्या कुठे ठेवल्या होत्या?"

"मागच्या पेटीत. एकाच पेटीत, पण वेगवेगळ्या कप्प्यात."

"आणि तुमची आई?"

"आई आत होती. तिलाच विचारा."

कुसुमलताबाई आयसीयूच्या दाराजवळ बाकावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, किडकिडीत, साधी सुती साडी. आदल्या दिवशीच त्यांना डिस्चार्ज मिळाला होता, पण त्या घरी गेल्या नव्हत्या. काचेपलीकडे नवऱ्याच्या तोंडात नळी होती आणि त्या एकटक तिकडे पाहत होत्या.

"टाकी भरली तेव्हा मी आत माळ ओढत बसले होते," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "मला काही ठाऊक नाही."

"तुम्ही तर उकळलेलंच पाणी पीत असाल?"

"जन्मभर उकळलेलंच पीत आलेय. गाळायचं, उकळायचं, मगच तोंडाला लावायचं. अणगळ पाण्याने आमच्याकडे कुणी पायसुद्धा धूत नाही. तरी मला त्रास झालाच ना?"

"उकळून जंतू मरतात, बाई. औषध मरत नाही."

विधीने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. म्हातारीने तो हात झटकला नाही आणि सुनेकडे वळूनही पाहिलं नाही. सासवा सुनांवर रागावतात ते कामिनीला माहीत होतं. हा राग नव्हता. ही बाई सुनेच्या तोंडाकडे बघायला भीत होती, आणि ते का, हे कामिनीला काही केल्या उलगडेना.

३

सोनगीरला पोचायला दीड वाजला. ऊन मी म्हणत होतं. तोताराम आबा धोतराचा सोगा सावरत सामोरे आले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी कपाळावर हात मारला.

"ताई, चार महिने झाले नाहीत ही जागा सुरू करून. आता कोण येणार इथे? माणूस गेला तर माझ्या मळ्यावर डाग राहील, विष कुणीही घालो. त्यात धंद्याला साडेसाती लागल्यासारखं झालंय. गुरुवारीच दोनशे लिटरचा ड्रम फुटला. औषध कालवलेलं, सगळं वाहून गेलं."

"कसला ड्रम?"

"कपाशीच्या फवारणीचा. तो काय, बांधावर पडलाय. भंगारात घालायचा."

कॅराव्हॅन चिंचेखाली उभी होती, दाराला पोलिसांची चिठ्ठी. गाडीजवळ कांबळ्यावर बसून आबांची बायको बेबाबाई शेंगा फोडत होती. माणूस आला की हिला बोलायला हवं असतं, हे तिच्या तोंडावरच लिहिलं होतं.

"आम्ही बठ्ठा याच इहिरनं पानी पेतस, ताई," ती म्हणाली. "आमले काहीच व्हयनं नही. या पोरीनं नाव उगाच लेतस. ती तं दिनभर आत पडेल व्हती, डोकं बांधीसन."

"आणि म्हातारी? तीही आतच होती?"

"नही वं. ती इहिरजोडे उनी व्हती, तांब्या लिसन. टाकी भराई ऱ्हायनी व्हती तवय. दोरी बांधीसन तांब्या पार खाले सोडा आन हळूच पानी इहिरमां टाकं. मी इचारं, माय, काढेल पानी परत कसाले टाकतस? ती बोलनी, त्यामां जीव शेतस, त्यास्ले त्यास्ना घर पोचाडनं पडस."

कामिनी विधीकडे वळली. "हे काय?"

"जीवाणी," विधी म्हणाली. "पाणी गाळलं की गरण्यात, म्हणजे गाळायच्या फडक्यात, बारीक जीव राहतात. फडकं खळबळून ते पाणी, ज्या विहिरीचं असेल तिथेच परत सोडायचं. वरून फेकायचं नाही, जिवांना लागतं. आई घरी रोज करतात."

म्हणजे म्हातारी माळ ओढत नव्हती. ती विहिरीवर होती आणि तीन दिवस कुणापाशीही तसं बोलली नव्हती. कामिनीच्या पायांनी आपोआप चालायला सुरुवात केली. गाडीला एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला तिने मागची पेटी उघडली. फौजदारांनी फोनवर परवानगी दिली होती, फक्त काही न्यायचं नाही.

पेटीत दोन कप्पे. डावीकडे तपकिरी नळी, जाड. उजवीकडे पांढरी, गुंडाळून क्लिपांनी बांधलेली. पेटी संडासाच्या टाकीला लागूनच होती, उघडताच फिनेलचा आणि संडासाचा मिसळलेला वास आला. दोन्ही नळ्यांची काही सरमिसळ नव्हती, कप्पे नीट वेगळे होते, पण वास काही कप्पे ओळखत नाही.

पांढऱ्या नळीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टोप्या होत्या. कामिनीने एक काढली आणि करंगळी आत घातली. बोट बाहेर आलं ते पांढऱ्या भुकटीने माखून. नळी कारखान्यातून निघताना आत चिकटू नये म्हणून घालतात ती भुकटी. बावीस वर्षांत तिने ती हजारदा पाहिली होती. पहिल्या बादलीभर पाण्यात ती धुऊन जाते.

तिने तपकिरी नळीही पाहिली. तीही कोरी.

"विधी," ती म्हणाली, "या दोन्ही नळ्यांतून अजून थेंबभर पाणी गेलेलं नाही."

४

"मी पांढरीच लायी. देवनी आन," उखर्डू म्हणाला आणि त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

पन्नाशीचा काटक माणूस. खोटं बोलताना त्याला स्वतःचाच त्रास होत होता, आणि कामिनीला त्याच्यावर ओरडणं जड गेलं. तिने ओरडणं सोडून त्याला गाडीच्या बाजूला नेलं आणि टाकीचं तोंड उघडून दाखवलं.

"हे आटे बघ. पांढरी नळी यात पिळून बसवायची, घट्ट. नळीचं एक तोंड इथे, दुसरं तोंड विहिरीच्या कॉकला. मधे बोट घालायलाही जागा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"विधी, तुझ्या सासूबाईंनी अणगळ पाणी टाकीत जाऊ दिलं असतं?"

विधी ताबडतोब म्हणाली, "मेल्या तरी नाही. टाकीत भरतानाच गाळलेलं हवं. एकदा जीव आत गेले की..." ती बोलता बोलता थांबली. तिच्या तोंडावरचा रंग बदलला.

"पांढरी नळी पिळून बसवली असती, तर गरणं बांधायचं कुठे?" कामिनी म्हणाली. "पण पाणी गाळलं गेलं. टाकी भरत असतानाच गाळलं गेलं, कारण तेव्हाच म्हातारी जीवाणी सोडायला विहिरीवर आली. म्हणजे नळीचं तोंड मोकळं होतं, त्यावर फडकं होतं आणि ती नुसती टाकीच्या तोंडात सोडली होती. ती नळी या पेटीतली नव्हती. ती मळ्यावरची तिसरी नळी होती. कुठे आहे ती, उखर्डूभाऊ?"

उखर्डूची नजर मोटारीच्या खोलीकडे गेली. तिथे खुंटीवर हिरव्या नळीचं वेटोळं टांगलेलं होतं.

कामिनीने वेटोळं उतरवलं नाही. वास दोन हातांवरूनच आला. बाटलीतलाच तो. तोताराम आबा पांढरेफटक पडले.

"पण ती तर पाण्याचीच नळी आहे, ताई. तिच्यातून औषध कधीच जात नाही. तिच्याने आम्ही ड्रममधे नुसतं पाणी भरतो. ड्रममधून पंपात औषध बादलीने काढतो."

आबा खोटं बोलत नव्हते. हाच पेच होता. नळीतून पाणी ड्रमकडे जातं, ड्रममधलं औषध नळीत उलटं चढेलच कसं? कामिनी बांधाकडे चालू लागली, बाकीचे तिच्या मागे. निळा ड्रम आडवा पडला होता. तिने तो उभा केला आणि म्हणाली, "आबा, भरा."

"फुटलाय म्हटलं ना."

"दुसऱ्या नळीने भरा. काठोकाठ."

ड्रम भरायला वेळ लागला. तेवढ्यात कामिनीने बांधाच्या खाली पाहिलं. पपईचा प्लॉट, चांगला दोन पुरुष खोल. ठिबकच्या नळ्या पसरलेल्या. त्यांची मोठी लाइन, ड्रमची नळी लावायच्या बांधावरच्या त्याच कॉकपासून खाली उतरत होती.

ड्रम भरला. अर्धा तास सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. बेबाबाई शेंगांची टोपली घेऊनच आली. ड्रमखालची माती कोरडी ती कोरडीच.

"उखर्डूभाऊ," कामिनी हळूच म्हणाली, "ड्रम फुटलेला नाही. गुरुवारी काय झालं ते सांग. ठरवून कुणी काही केलं नाही, हे मला कळलंय."

त्या शेवटच्या वाक्याने माणूस ढासळला. तो बांधावर मटकन बसला.

"मी आधी औषध वतं, मंग नळी ड्रमना तळले सोडी. वरतून सोडी तं फेस येस, तळले सोडी तं आपसूक ढवळास. ड्रम पाऊन भरेल व्हता, मी जेवाले गऊ. उनू तं लाइट गयेल, आन ड्रममां वीतभर राहेल. माले वाटनं, ड्रम गळस. मी कॉक बंद करा, नळी गुंडाळी, टांगी दी."

"आणि पपईचं ठिबक चालू होतं?"

"चालूच व्हतं."

कामिनीने आबांना बांधावरून खालचा प्लॉट दाखवला. "वीज गेली, मोटार थांबली. पण लाइनमधलं पाणी थांबलं नाही, ते उतारावर ठिबकमधून खाली जातच राहिलं. जाताना मागून ओढत राहिलं. मागे काय होतं? नळी. नळीचं टोक कुठे होतं? ड्रमच्या तळाशी, जिथे औषध सगळ्यात दाट. ते सगळं नळीतून उलटं चढलं. उखर्डूभाऊने कॉक बंद केला आणि नळीत औषध तसंच कोंडलं गेलं. मग संध्याकाळी ती नळी परत कॉकला लागली, आणि पहिल्या धारेबरोबर..."

वाक्य पुरं करायची गरज उरली नव्हती.

"पण पांढरी सोडून ही नळी लाव, असं याला सांगितलं कोणी?" आबांनी विचारलं. उखर्डूने तोंड उघडलं, तसा कामिनीने हात वर केला.

"तू सांगू नकोस. मला ते दुसऱ्याच तोंडून ऐकायचंय."

घड्याळात पावणेचार झाले होते. धुळ्याला जाणारी बस हायवेवर कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. आबांनी न सांगता जीप काढली.

५

पाच वाजायला दहा मिनिटं असताना कामिनी त्या बाकावर कुसुमलताबाईंच्या शेजारी बसली. दिवसभरात पहिल्यांदाच ती निवांत बसली होती, निदान बाहेरून तरी. कॉरिडॉरच्या टोकाला फौजदार वाडिले कागद जुळवत होते. विधी त्यांच्यासमोर, रोनक तिच्यापासून चार हात लांब. उखर्डूला आबांनी जिन्याजवळ उभं केलं होतं.

"बाई," कामिनी म्हणाली, "पेटी उघडली तेव्हा तुम्हाला वास आला. हो ना? संडासाची नळी आणि पिण्याची नळी एकाच पेटीत. ते पाणी देवदर्शनाला निघालेल्या माणसाच्या पोटात कसं घालायचं? तुमच्या जागी माझी आई असती तरी तिने तेच केलं असतं. भिंतीवर टांगलेली हिरवी नळी तुम्हाला स्वच्छ दिसली. तोंडाला गरणं बांधलंत. पहिली धार जरा पांढुरकी आली असेल, तुम्हाला वाटलं, विहिरीचा चुना. गाळलं, उकळलं. तुमच्या हिशेबाने यापरतं चोख पाणी जगात नव्हतं."

म्हातारीचे हात मांडीवर पडले होते. एक हात दुसऱ्याला घट्ट धरून होता.

"त्या गड्याने पांढरी नळी सांगितली," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मी ऐकलं. मला वाटलं, बरं झालं. मग फौजदारांनी विधीचं नाव घेतलं. मला वाटलं, आता बोलावं. पण काचेतून आत बघितलं की जीभ उचलत नव्हती. बाई, मी पाण्यातला दिसत नसलेला जीव विहिरीत नेऊन सोडला. आणि त्याच हाताने यांना..."

"तुम्ही विष दिलं नाहीत. विष कुणीच दिलं नाही."

"पण सुनेला तीन दिवस जळू दिलं. ते तर मीच केलं ना?"

कामिनीला या बाईचा रागही आला आणि तिच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यामुळे ती उठून उभी राहिली.

कुसुमलताबाईही उठल्या. भिंत धरत धरत त्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेल्या आणि फौजदारांच्या कागदावर हात ठेवला.

"जबाब माझा घ्या," त्या म्हणाल्या. "पांढरी नळी मी काढू दिली नाही. हिरवी मी लावायला सांगितली. हिचा त्यात काही हात नाही. ती आत उपाशी पडली होती आणि मला ठाऊक होतं."

रोनकच्या हातातला मोबाइल खाली आला. वाडिलेंनी कामिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि जिन्याजवळच्या उखर्डूकडे बोट केलं. ड्रमची हकीगत त्याने स्वतःच सांगितली, अडखळत, पण सगळी. वाडिलेंनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. गुन्हा काय आणि कुणावर, हे मला वरिष्ठांना विचारावं लागेल, असं ते पुटपुटले.

मग म्हातारीने सुनेसमोर हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा. दर वर्षी क्षमा मागताना सगळ्यांना म्हणते, सवयीने. आज तुला म्हणतेय."

विधीने त्यांचे जोडलेले हात धरले आणि खाली केले. ती रडत होती, पण तिने रडू लपवलं नाही. "आई, तुम्ही घाबरलात. मी पण घाबरले होते."

इतक्यात नर्सने बाहेर येऊन सांगितलं की आजोबांच्या तोंडातली नळी काढली, श्वास नीट चाललाय, नाव विचारलं तर नाव सांगितलं. कुसुमलताबाई जागच्या जागी खाली बसल्या. रोनकने डोळे पुसले. सगळं संपलं या समजुतीने तो विधीजवळ आला आणि तिची बॅग उचलली.

"चल," तो म्हणाला. "पप्पांना बघू, मग घरी जाऊ. झालं ते झालं."

विधीने बॅग त्याच्या हातातून काढून घेतली.

"आईंनी बोलायचं टाळलं, कारण त्यांच्या हातून घडलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या हातून तर काहीच घडलं नव्हतं. मग तीन दिवसांत एकदाही तुम्ही मला का नाही विचारलंत, विधी, तू असं केलंस का? नुसतं विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं."

रोनकने रिकामा झालेला हात खिशात घातला. कामिनीला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पाय मात्र हलेनात.

"मी सहा वाजताच्या अमळनेर बसने जातेय," विधी म्हणाली. सासूच्या पायांना हात लावून ती जिना उतरू लागली.

रोनक तिच्यामागे धावला. पहिल्याच पायरीवर कुसुमलताबाईंनी मागून त्याच्या सदऱ्याला धरलं. जमिनीवरून उठायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला होता, पण पकड पक्की होती.

"तिने विचारलंय त्याचं उत्तर आहे तुझ्याकडे?"

रोनकने जिन्याखाली पाहिलं आणि पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"मग वडिलांजवळ बस," त्या म्हणाल्या. "उत्तर सापडलं की अमळनेरला जा. त्याच्या आधी गेलास तर मी तिच्या वडिलांना तुला दारातून परत पाठवायला सांगेन."